पत्र्याचं धरण

मुलांना भलतंच कुणीतरी बनवून स्टेजवर उभं करायचं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून पहिल्यांदा निघाली त्याला स्वतःला मूल नसणार, याबद्दल माझी खात्री आहे. असलंच तर ते त्या दिवशी आजोळी असणार. एरवी वर्षभर आपण पोरांना सांगत असतो की बाबांनो, जरा माणसासारखे वागा. आणि जानेवारी उजाडला की त्याच पोरांना शेपटी लावून, तोंड रंगवून, चारशे लोकांपुढे ढकलतो आणि ती रडली की वर आपणच रागावतो.

मी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. हकीकत आहे १९९९ सालची. आमचं धरण शहापूर तालुक्यात आहे. डोळखांबच्या अलीकडे की पलीकडे ते सांगत नाही, आणि नावही सांगत नाही, कारण माझ्या निवृत्तीला अजून अवकाश आहे. धरण लहान आहे. मोठ्या भातसा धरणावरच्या भातसानगरच्या मंडळींसमोर त्याला धरण म्हटलं तर ती हसतात आणि ‘तलाव म्हणा’ असं सुचवतात. पण लहान असलं तरी त्याला पाच दरवाजे, एक सांडवा, चाळीस क्वार्टर्स, एक विश्रामगृह आणि एक उपअभियंता साहेब आहेत. त्यातल्या साहेबांच्या बाबतीत तरी आम्ही भातसानगरच्या तसूभरही मागे नाही.

त्या वर्षी कर्मचारी कल्याण सप्ताहाचं परिपत्रक आलं. कर्मचाऱ्यांच्या पाल्यांसाठी वेशभूषा स्पर्धा, स्थळ मुरबाड, अध्यक्ष खुद्द कार्यकारी अभियंता. मी परिपत्रकाला क्रमांक टाकला, सूचना फलकावर चिकटवलं आणि विसरून गेलो. आमच्या घरातून कुणी स्पर्धेत जाईल असं मला वाटण्याचं कारणच नव्हतं.

आमची मनस्वी तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. घरात तिची जीभ एक मिनिट स्वस्थ नसायची. उंबरठ्याबाहेर पडली की शब्द बंद. शाळेत तर बोलायचीच नाही. पहिलीत तिला प्रेमाबाई म्हणून एक बाई होत्या. त्यांनी तिला न ओरडता, न कुरवाळता, रोज सकाळी आपल्या टेबलाशी उभं केलं आणि हजेरीपटातली नावं तिच्याकडून वाचून घेतली. आधी कुजबुजत, मग जरा मोठ्यानं. दिवाळीपर्यंत आमची पोरगी अख्ख्या वर्गाला खणखणीत आवाजात हजर करून घ्यायला लागली. मग मेच्या सुट्टीत बाईंची मुरबाड तालुक्यात बदली झाली, आणि जूनपासून मनस्वीचं तोंड पुन्हा मिटलं. नव्या गुरुजींनी मला बोलावून, मुलगी जन्मापासून मुकी आहे का, असं विचारलं आणि असल्यास तसा दाखला आणायला सांगितलं. दाखले मागण्यात माझा जन्म गेला, पण तो दाखला मला फार लागला.

तर परिपत्रकावर मुरबाड हा शब्द वाचून मनस्वी संध्याकाळी मला म्हणाली, “बाबा, प्रेमाबाई मुरबाडलाच असतात ना? मग मी जाणार स्पर्धेला.” तिनं स्वतः बाईंना पोस्टकार्ड लिहिलं. ‘मी येणार आहे, तुम्ही या’, एवढंच. उत्तर आलं, नक्की येते. मनस्वीनं ते कार्ड उशीखाली ठेवलं आणि मला एकच अट घातली. “काय पण करा मला. पण माझं तोंड दिसलं पाहिजे. बाईंनी बघितल्या बघितल्या ओळखलं पाहिजे.”

इतकी साधी अट. आमच्या खात्यानं कुठल्याही कंत्राटदाराला इतकी साधी अट कधी घातली नसेल. तिथवर सगळं ठीक होतं. मग मी शेजाऱ्यांना विचारलं.

आमच्या उजव्या हाताला देवराम राहतो. हा आमचा गेट ऑपरेटर, इथलाच, भातशेतीवाला माणूस. धरणाचे पाच दरवाजे आणि आमच्या घराचा एक, हे सहाही त्याला सारखेच, कधीही येऊन उघडतो. तो म्हणाला, “भाऊसाहेब, पोरीला राणी करा. झाशीची. घोडा मी आणतो. म्हशाच्या जनावरांच्या जत्रेत माझा साडू असतो.”

“देवराम, स्टेजवर घोडा कसा चढेल?”

“मंग खाली बांधू. लोकांना कळंल ना का राणी घोड्यावरना आली.”

डाव्या हाताला अनंता, आमच्या ऑफिसातला नकाशे काढणारा. त्याला मनस्वीचं फुलपाखरू करायचं होतं, कारण त्याच्याकडे नकाशाचा जुना कागद भरपूर पडून होता. बायकोनं, म्हणजे जयानं, कोळीण सुचवली. मग टोपलीतले बोंबील खरे घ्यायचे की पुठ्ठ्याचे, यावर वसाहतीत दोन दिवस दोन तट पडले. खऱ्याच्या बाजूचे लोक जास्त होते, कारण स्पर्धेनंतर ते बोंबील आमच्याच वसाहतीत परत येणार होते. आमच्याकडे भांड्याला येणारी बाईजा राख घेता घेता म्हणाली, “पोर हाये तशीच ग्वाड दिसते. तशीच न्या ना.” तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ज्या गोष्टीसाठी काहीच करावं लागत नाही, ती गोष्ट आमच्या वसाहतीत सल्ला म्हणून धरत नाहीत.

एका रविवारी मी आणि मनस्वी शहापूरला ड्रेपरीवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे मोठ्या माणसांच्या मापाचे तीन रावण होते. लहान मापात एक मारुती आणि एक मोर. मोराचा पिसारा मागच्या गणपतीत कुणीतरी परत दिलाच नव्हता, त्यामुळे तो कोंबडीसारखा दिसत होता. मारुतीचा मुखवटा मनस्वीच्या तोंडावर धरला, तर तिनं आतून मान हलवली. “तोंड झाकतंय,” ती बाहेर येऊन म्हणाली. ड्रेपरीवाला समजुतीनं म्हणाला, “ताई, मारुतीला कोण नाय ओळखत?” तिला मारुती ओळखला जायला नकोच होता, हे त्याला कोण समजावणार.

अखेर जयानंच मार्ग काढला. पोस्टमन. माझा जुना खाकी शर्ट, खांद्याला झोळी, डोक्याला टोपी. तोंड पूर्ण उघडं. मनस्वीला ते इतकं आवडलं की तिनं झोळीत टाकायला पत्र लिहायलाही घेतलं. स्टेजवरून खाली उतरून ते पत्र ती बाईंच्या हातात देणार होती. मी पत्र वाचायला मागितलं, तर तिनं ते पाठीमागे लपवलं.

फक्त टोपी हवी होती. आमच्याकडे येणाऱ्या पोस्टमनला मी एका दिवसासाठी टोपी मागितली. तो म्हणाला, टोपी सरकारी आहे, वरून लेखी परवानगी लागेल. मला त्याचा राग आला नाही, उलट आदर वाटला. मी त्याच्या जागी असतो तर दोन प्रतींत मागितली असती. पण टोपीचा निकाल लागेपर्यंत स्पर्धेच्या अर्जाची मुदत आली. ‘वेशभूषेचा प्रकार’ या रकान्यात पोस्टमन लिहावं आणि टोपी मिळू नये, असं व्हायला नको म्हणून मी लिहिलं, ‘तपशील मागाहून सादर.’

वीस वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज एवढ्याच कारणानं परत पाठवत आलो होतो. रिकामा रकाना म्हणजे उघडं दार, कोणीही आत येतं, हे मी नव्या मुलांना शिकवतो. स्वतःच्या पोरीच्या वेळी मी तेच दार उघडं टाकून घरी गेलो.

आत आले ते उपअभियंता साहेब. सहीसाठी अर्ज समोर गेला आणि त्यांनी मला बोलावलं. “भाऊसाहेब, काय करताय मुलीला?” मी सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. “पाटबंधारे खात्याची मुलगी आणि पोस्टमन? कार्यकारी अभियंता समोर बसणार. गेल्या वर्षी भातसानगरचं मूल पाण्याचा थेंब होऊन गेलं होतं, आठवतं? साहेबांनी पाठ थोपटली त्याची. थेंब, भाऊसाहेब. आणि आपण पत्रं वाटायची?” असं म्हणून त्यांनी माझ्या रिकाम्या रकान्यात आपल्या वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिला. धरण.

मी चाचरत मुलीच्या तोंडाची अट सांगितली. “दिसेल ना तोंड,” साहेब म्हणाले, “त्यात काय?”

घरी सांगितलं तेव्हा जया दहा मिनिटं माझ्याशी बोलली नाही. नंतर बोलली, आणि दहा मिनिटांचा तो काळ बरा होता असं मला वाटायला लागलं. मनस्वी रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, “धरणाला तोंड कुठे असतं?”

आता धरण हे प्रतिबंधित क्षेत्र. आमच्या फाटकावर छायाचित्रणास सक्त मनाई अशी पाटी आहे. छायाचित्राला मनाई, तर प्रतिकृतीला मनाई आहे की नाही, अशी साहेबांना शंका आली. नियमात त्याबद्दल काहीच नव्हतं. आमच्या खात्यात यासारखी धोक्याची अवस्था दुसरी नाही. नियम असला तर त्यातून वाट काढता येते, नसला तर वर विचारावं लागतं. तेव्हा मी पालक या नात्यानं अर्ज केला. तो लिपिक या नात्यानं माझ्याच टेबलावर आला. मी तो तपासला, नकाशा जोडलेला नाही असा शेरा मारला आणि पूर्ततेसाठी स्वतःकडे परत पाठवला. गंमत म्हणून सांगत नाही. फाईलला आजही ते कागद आहेत.

नकाशा अनंतानं काढला. समोरून, वरून आणि मधोमध कापून. कापलेल्या आकृतीत धरणाच्या पोटात एक ठिपक्यांची बाहुली होती आणि तिच्याकडे बाण करून लिहिलं होतं, ‘पाल्य’. विभागीय कार्यालयातून परवानगी आली ती अटींसह. प्रतिकृती प्रमाणबद्ध असावी, कार्यक्रमानंतर सुस्थितीत परत करावी, आणि तिची जबाबदारी अर्जदारावर राहील.

पहिलं धरण आम्ही थर्माकोलचं केलं. सुंदर झालं होतं. चार दिवस अख्खी वसाहत आमच्या ओट्यावर होती आणि जया चहा करून करून थकली. पाचव्या दिवशी देवरामानं दरवाजांच्या रंगाचा शिल्लक डबा आणला. भिंतीला रंग लावला आणि भिंत आमच्या डोळ्यांदेखत विरघळायला लागली. आधी सांडवा गेला, मग डावी बाजू. अनंता वर्तमानपत्रानं वारा घालत होता. दहा मिनिटांत ओट्यावर एक राखाडी चिकट गोळा उरला, तो खरवडून काढायला बाईजाला दोन दिवस लागले. तिनं मला विचारलं, “आपलं मोठ्ठं हाये, त्यालाबी हाच रंग का?”

मग देवराम म्हणाला, “पत्र्याचं करू. मी करतो.” भांडारात बाद झालेले पत्रे होते. साहेबांनी ते द्यायला सांगितले, आणि सरकारी पत्रे वापरले म्हणून जी वस्तू तयार झाली ती सरकारी झाली. मालमत्तेच्या नोंदवहीत मी स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘धरण (पत्र्याचे), नग एक’. तेव्हापासून आमच्या कार्यालयाच्या ताब्यात दोन धरणं आहेत.

देवरामाचं काम मात्र पक्कं. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत भिंत, पुढे सांडवा, वर पाच दरवाजे, आणि मागून दोरी ओढली की पाचही खरोखर उघडायचे. मी म्हटलं, “तोंड कुठून दिसणार?” अनंतानं नकाशा उलगडला. तोंड दरवाजा क्रमांक तीनच्या मागे येत होतं. पण दरवाजा प्रमाणात काढलेला, त्यामुळे काड्यापेटीएवढा. त्यातून मनस्वीचं नाक आणि एका डोळ्याचा कोपरा दिसत होता.

“जरा मोठा करा की,” मी म्हणालो.

“दोन नंबर आणि चार नंबरपेक्षा तीन नंबर मोठा?” अनंता म्हणाला. “समोर सगळे इंजिनिअर बसणार, भाऊसाहेब.”

मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले की दरवाजा मोठा दाखवला तर विसर्गाचे आकडे चुकतात. कार्यकारी अभियंत्यांनी त्यावर प्रश्न विचारला, तर उत्तर कोण देणार, तुम्ही? मी परत आलो. मी नेहमीच परत येतो.

रंगीत तालीम झाली. मनस्वीला आत घातलं आणि पत्रे मागे तारेनं आवळले. थोड्या वेळानं आतून आवाज आला, “बाबा, नाक खाजतंय.” हात आत अडकलेले. जयानं दरवाजा क्रमांक दोनमधून विणायची सुई आत सारली आणि अंदाजानं खाजवलं. माझ्याकडे ती ज्या नजरेनं बघत होती त्याचं वर्णन मी करत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी वेणी घालताना मनस्वीनं जयाला नाही, मला विचारलं, “बाबा, आत मी आहे ते बाईंना कसं कळेल?” मी म्हणालो, “नाव पुकारतात ना.” मी खोटं बोललो होतो. अर्ज मीच भरला होता. प्रतिकृती सरकारी झाल्यापासून स्पर्धकाच्या रकान्यात मुलीच्या जागी आमच्या उपविभागाचं नाव आलं होतं, आणि पुकारणार तेच होते.

साहेब सहकुटुंब जीपनं गेले. जीपमध्ये धरणाला जागा नव्हती. आम्ही शहापूर स्टँडवरून मुरबाडची एसटी धरली. धरण दारातून आत जाईना, तेव्हा देवरामानं ते टपावर चढवून बांधलं. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडायला घेतलं. “काय हाये ते?”

“धरण,” मी म्हणालो.

“साहेब, सकाळच्या पारी चेष्टा नको.”

“खरंच धरण आहे. हे परवानगीचं पत्र.”

त्यानं पत्र वाचलं, माझ्याकडे बघितलं, पत्र परत दिलं आणि तिकिटावर लिहिलं, ‘कपाट’. किन्हवलीपर्यंत प्रत्येक खड्ड्याला ते कपाट डोक्यावर वाजत होतं आणि गाडीतले लोक वर बघत होते. सरळगावला एका म्हातारबाबांनी विचारलं, लग्नाचं का? मी हो म्हणालो. दमलो होतो.

मुरबाडच्या हॉलवर पोचेपर्यंत दोन वाजले. आमचा क्रमांक एकतीस. साहेबांनी आल्या आल्या फर्मावलं की कार्यकारी अभियंता केव्हाही आत येऊन पाहणी करतील, धरण तयार ठेवा. तेव्हा अडीच वाजताच मनस्वीला आत घालण्यात आलं. पत्रा लागू नये म्हणून जयानं तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. देवरामानं पक्कड घेऊन मागची तार सात ठिकाणी पिळली, पक्कड खिशात घातली आणि भजी खाऊन येतो म्हणून गेला. जया पुढच्या रांगेत जागा धरायला गेली. मी विंगेत दोरी धरून उभा राहिलो. माझ्या शेजारी धरण, आणि धरणाच्या पोटात माझी पोरगी, श्वास घेतेय हे तेवढं ऐकू येत होतं.

साडेतीनच्या सुमारास प्रेमाबाई आल्या. मला शोधत विंगेतच आल्या. साधी बाई, हातात पिशवी, पायाला धूळ. “भाऊ, मनस्वी कुठाय? मला चारची टोकावड्याची गाडी आहे. ती चुकली तर मग सहाची, आणि घरी तान्हं आहे माझं. म्हटलं, भेटून तरी जाते.”

मी धरणाकडे बोट दाखवलं.

बाईंनी धरणाकडे बघितलं, धरणाच्या मागे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. “कुठे?” त्यांनी विचारलं.

आतून काहीतरी आवाज आला. पत्र्यातून शब्द कळत नव्हते. मग पत्रा वाजायला लागला. आधी हळू, मग जोरात. मनस्वी आत थरथरत होती की गुडघ्यानं ढोसत होती ते मला कळेना. मी दोरी ओढली. पाचही दरवाजे वर गेले आणि क्रमांक तीनमधून एक नाक दिसलं. बाई वाकल्या. “मनू?” त्या म्हणाल्या, पण इतक्यात स्टेजवर ढोल सुरू झाला.

स्टेजवर क्रमांक बारा चालू होता. मी सूत्रसंचालकाकडे धावलो. एकतीस नंबर आता घ्या म्हणालो. तो म्हणाला, “क्रम बदलता येत नाही. नोंद झालेली आहे.” हे वाक्य मी आजवर हजार लोकांना ऐकवलं असेल. ऐकायला इतकं वाईट वाटतं हे कुणी तेव्हा सांगितलं नव्हतं.

मग देवरामाला शोधायला बाहेर धावलो. दोन भज्यांच्या गाड्या पाहिल्या, देवराम नाही. परत आलो तर चार वाजायला दहा मिनिटं. बाई घड्याळाकडे बघत होत्या आणि एक हात पत्र्यावर ठेवून उभ्या होत्या. साहेब पडद्याआडून आले. मी म्हणालो, “साहेब, तार सोडतो. मुलीला दोन मिनिटं बाहेर काढतो.”

“अजून कार्यकारी अभियंत्यांनी धरण पाहिलेलं नाही,” साहेब दबक्या आवाजात म्हणाले. “आता खोललं तर पुन्हा कोण जोडणार? आणि सुस्थितीत राहिलं पाहिजे, ही लेखी अट आहे. तुम्हीच फाईल केली आहे ती.”

खरं होतं. मीच केली होती.

“भाऊ, मग मी निघू?” बाई म्हणाल्या. “तिला सांगा, मी आले होते.”

पत्रा वाजायचा एकदम थांबला. सबंध दुपारभरात मला जर कशाची भीती वाटली असेल तर त्या थांबण्याची. मी तारेला हात घातला. पहिला पीळ सुटला, दुसऱ्याला बोट कापलं, तिसरा काही केल्या सुटेना. माझा स्वभाव शांत आहे. वीस वर्षांत मी ऑफिसात आवाज चढवलेला नाही. मनस्वीला म्हणालो, “मागे रेल आणि डोळे मीट,” आणि सरकारी मालमत्तेच्या डाव्या बाजूला मी लाथ मारली. मग दुसरी. तिसऱ्या लाथेला सांडवा निखळला, तार तुटली आणि अख्खं धरण पुढे कोसळून, गडगडत, पडदा ओलांडून स्टेजच्या मधोमध जाऊन पडलं. सतरा नंबरचा वाघ घाबरून आईकडे पळाला. ढोल थांबला.

त्या शांततेत कार्यकारी अभियंत्यांचा आवाज आला, “काय पडलं?”

“आमचं धरण, सर,” साहेब म्हणाले. भातसानगरच्या रांगेत कुणीतरी खोकल्याचं निमित्त केलं.

विंगेच्या तोंडाशी मनस्वी उभी होती. जुना फ्रॉक, गळ्यात टॉवेल, घामानं चिकटलेले केस, हनुवटीला पत्र्याचा लाल वळ. शेजारीच सूत्रसंचालकाचा माइक होता, तो चालू होता. माझ्याकडे तिनं बघितलं नाही, साहेबांकडे नाही, चारशे लोकांकडे नाही. बाईंकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली, “बाई, तुम्ही मला न सांगता गेलात.”



“मी रोज तुमच्या टेबलापाशी उभी राहायची,” मनस्वी म्हणाली. “नवीन गुरुजी म्हणाले, जागेवर बस. मग मी बसले.”

प्रेमाबाई खाली बसल्या, पिशवी बाजूला ठेवली. “सुट्टीत कागद आला गं मनू. दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. पण तुला पत्र टाकायला हवं होतं मी. माझं चुकलं.”

मनस्वीनं थोडा विचार केला. “बरं,” म्हणाली, आणि त्यांच्या गळ्यात पडली. माझं कापलेलं बोट तोंडात होतं आणि डोळे भरून आले होते. एका वरिष्ठ लिपिकानं कार्यक्रमाच्या अध्यक्षांसमोर असं उभं राहणं शोभत नाही, पण मी राहिलो. चारची गाडी गेली. बाईंनी घड्याळ पाहिलंसुद्धा नाही.

देवराम आला तेव्हा सगळं आटपलं होतं. त्यानं स्टेजवरच्या पत्र्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “पक्कड माझ्या खिशात व्हती, भाऊसाहेब. हाक तरी मारायची.” मग त्यानंच धावपळ करून टोकावड्याकडे जाणारी जीप थांबवली. जीपपर्यंत मनस्वी बाईंचं बोट धरून चालत होती आणि जूनपासूनचं सगळं एका दमात सांगत होती. पहिलं बक्षीस भातसानगरच्या एका मुलानं नेलं. तो पोस्टमन होऊन आला होता. त्याला टोपी कुठून मिळाली, याची चौकशी करण्याचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

सोमवारी मला ज्ञापन मिळालं. कार्यालयाच्या मालकीच्या प्रतिकृतीचे हेतुपुरस्सर नुकसान का केले, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. ज्ञापन टाइप मीच केलं, कारण टाइप करणारा दुसरा कुणी नाही, आणि माझ्याच हातात देऊन पोच म्हणून माझीच सही घेतली. असल्या खुलाशांत मी मुरलेला आहे. वसाहतीतल्या निम्म्या लोकांचे खुलासे माझ्या हातचे आहेत. ‘अनवधानाने’, ‘परिस्थितीजन्य’, ‘पुनश्च असे घडणार नाही’ हे शब्द मी झोपेत लिहू शकतो. देवराम म्हणाला, “वाऱ्यानं पडला असं लिवा.” अनंता म्हणाला, तारेच्या ताणाचं गणित जोडून देतो. जया समोर चहा ठेवून गेली.

मी तीन दिवस कोरा कागद घेऊन बसलो आणि तिसऱ्या दिवशी एकच ओळ लिहिली. ‘आत माझी मुलगी होती.’

साहेबांनी कागद उलटून पाहिला. “एवढंच?”

“एवढंच,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो कागद ‘खुलासा असमाधानकारक, सुधारून सादर करावा’ असा शेरा मारून परत आला. मी त्याला आवक क्रमांक टाकला, नोंदवहीत चढवला आणि माझ्याच फाईलला लावला. सुधारायला एक दिवस वाढवून मिळाला होता, शब्दही सगळे तयार होते. मी काही सुधारलं नाही.